जूनचा दिवस डिसेंबरात

पुण्यात २१ डिसेंबरचा दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो आणि २१ जूनचा सव्वातेरा तासांचा. वर्षातला सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा दिवस यांत फरक एवढाच, सव्वादोन तासांचा. लंडनमध्ये हाच फरक पावणेनऊ तासांच्या आसपास जातो. तिथं डिसेंबरात धड आठ तासही उजेड नसतो. हिवाळ्यात खुराड्यात दिवा लावा, म्हणजे कोंबड्या अंडी द्यायच्या थांबणार नाहीत, हा सल्ला मुळात अशा लांब रात्रींच्या मुलखातून आलेला आहे. तो जसाच्या तसा उचलून खराडीत टायमर विकत आणण्याआधी माणसानं आपल्या गावचा सूर्य एकदा नीट बघावा, असं माझं मत. पण ज्या घरात हा वाद चालू आहे तिथं माझ्या मताला विचारतो कोण?

घर खराडी गावठाणातलं. १९९७ मध्ये खराडी पुणे महापालिकेत आली. नदीकडच्या शेतांवर आयटी पार्क उभे राहिले आणि ज्वारीच्या वावरांचे भाव चौरस फुटात बोलले जाऊ लागले. तरी जुन्या घरांच्या मागं कुठं कुठं परस शिल्लक आहे. या घराच्या परसात पत्रा आणि जाळी मारून केलेलं एक खुराडं आहे. ते भाचीचं. ती दिवसा ईऑन आयटी पार्कमधल्या एका कंपनीत काम करते आणि सकाळ-संध्याकाळ कोंबड्यांचं बघते. मामांनी नोकरीची सगळी वर्षं सोलापूर रस्त्याकडच्या लेअर शेडमध्ये सुपरवायझर म्हणून काढली. हजारो पक्षी, सोळा तास उजेड, भिंतीवर तक्ता. त्यामुळं दिव्याच्या बाजूनं मामा बोलतील आणि निसर्गाच्या बाजूनं भाची, असा माझा अंदाज होता. झालं बरोबर उलटं.

भाची : मामा, दिवाळीपासून अंडी आटलीत. नऊ कोंबड्या आणि आठवड्याला चार-पाच अंडी! दिवस लहान झाला की कोंबडी थांबते, हे मला तुम्हीच सांगितलंत. तुमच्या शेडमध्ये पहाटे चारला दिवे लागायचे. मग मी पाच वॅटचा एक एलईडी लावला तर तुमच्या पोटात का दुखतं?

मामा : आधी मला सांग, थांबलंय कोण?

भाची : ते कसं कळणार? अंड्यावर नाव लिहिलेलं नसतं.

मामा : अंड्यावर नसतं, कोंबडीवर असतं. तुरा बघ. घालणारीचा तुरा लाल, भरलेला असतो. थांबलेलीचा सुकून फिका पडतो. मग तिला काखेत धर आणि मागच्या दोन हाडांमध्ये बोटं ठेव. घालणारीच्या दोन-तीन बोटं आरामात बसतात, थांबलेलीच्या एकसुद्धा बसत नाही. तुझ्या त्या तीन गावरान म्हाताऱ्या पिसं गाळतायत. मानेवर नवे खुंट आलेत, हात लावला तरी ओरडतात. चार तलंगा आहेत, त्या श्रावणातल्या. अजून अंड्यावर यायच्यात. राहिल्या दोन कावेरी जातीच्या. तुझी चार-पाच अंडी त्या दोघींची. आता तू एक दिवा लावणार. तो कुणासाठी?

भाची : सगळ्यांसाठी. उजेड काय वाटून द्यायचा असतो?

मामा : वाटून देता येत नाही, तीच तर अडचण आहे. आमच्या शेडमध्ये पाच हजार पक्षी असले तरी सगळे एका दिवशी जन्मलेले. तक्ता एक, दिवा एक. तुझ्या एवढ्याशा खुराड्यात तीन वयं आहेत. पिसं गाळणाऱ्या कोंबडीचं सगळं बळ पिसांत जातं. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रोटीनच. तिला आत्ता उजेड दाखवून अंडं मागणं म्हणजे दोन्हीकडून ओढणं. आणि तलंगांना वेळेआधी उजेड वाढवून दिला तर अंग भरायच्या आत त्या अंड्यावर येतात. अंडी बारकी राहतात, आणि जोर करता करता मागचा भाग बाहेर येतो. तसं झालेली कोंबडी बाकीच्या टोचून मारतात. मी बघितलंय ते. एकदा शेडमध्ये टायमर चुकीचा लावला गेला होता.

कोणत्या शेडमध्ये, ते मामांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

दिवसाची लांबी आणि पक्ष्याचं शरीर यांचा असा थेट संबंध असतो, हे प्रयोगानं दाखवून दिलं कॅनडातल्या विल्यम रोवन यांनी. १९२४ च्या शरदात एडमंटनला त्यांनी जंको नावाचे छोटे पक्षी उघड्यावरच्या पिंजऱ्यात ठेवले. एका पिंजऱ्यात विजेच्या दिव्यांनी दिवस रोज थोडा थोडा लांबवत नेला. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि त्या पिंजऱ्यातल्या पक्ष्यांच्या शरीरात मात्र वसंत आलेला. पुढच्या दशकात फ्रान्समधल्या झाक बन्वा यांनी बदकांवर काम करून आणखी चमत्कारिक गोष्ट दाखवली : यासाठी डोळेसुद्धा लागत नाहीत. उजेड कवटीतून झिरपून मेंदूच्या तळाशी पोचतो आणि तिथून पुढची सूत्रं हलतात. कोंबडीचंही असंच. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते रोवन यांचं ‘रोज थोडा थोडा’. उजेड नुसता जास्त असून भागत नाही, तो कोणत्या दिशेनं चाललाय हे पक्षी बघतो. मामा-भाचीचं खरं भांडण याच जागी आहे, जरी दोघं वेगवेगळे शब्द वापरत असले तरी.

भाची : शेजारच्या सोसायटीतल्या बायका मला म्हणतात, दिवा लावून अंडी काढणं हा छळ आहे, कोंबडीला विश्रांती हवी. मामा, मी काय सोळा तास मागतेय का? मला तेरा तास हवेत. तेरा तास म्हणजे पुण्यातला जूनचा दिवस. तोही पूर्ण नाही. जूनमध्ये देव स्वतः जेवढा उजेड देतो तेवढा मी डिसेंबरात दिला, तर छळ कसा होतो?

मामा : जून काय एका रात्रीत येतो? तो सहा महिने चढत चढत येतो. तू बटण दाबून आणणार.

भाची : बटण नका म्हणू. आठवड्याला अर्धा तास वाढवणार आहे, तुमच्याच तक्त्याप्रमाणे.

मामा : मग केव्हापासून?

भाची : या रविवारपासून.

मामा : अगं, मार्गशीर्ष चाललाय. तुझी आई गुरुवार धरते, महिनाभर घरात अंडं शिजत नाही. तुला घाई कसली?

छळाच्या मुद्द्यावर मी सरळ भाचीच्या बाजूचा. कोंबडीचा मूळ पूर्वज रानकोंबडा आपल्याच पट्ट्यातला, भारत आणि आग्नेय आशियातल्या जंगलांतला. तेरा तासांचा दिवस त्याच्या रक्तात आहे, सोळा तासांचा नाही. विश्रांती म्हणाल तर बाकीचे अकरा तास काळोख असतोच, आणि अंड्याचं कवच पोटात बसतं ते बरंचसं त्या काळोखातच. शिवाय, अंडी मोजून ठेवलेली असतात आणि दिव्यानं ती लवकर संपतात, अशी एक समजूत आहे. तिच्यात अर्थ नाही. पिल्लू जन्मतं तेव्हाच त्याच्या अंडाशयात हजारो बीजं असतात. जास्तीत जास्त अंडी घालणारी संकरित लेअरसुद्धा त्यांतली थोडीच वापरते. कोंबडी अंड्यांनी संपत नाही, हयगयीनं संपते. आणि हयगय बल्बाशिवायही भरपूर होते.

मामा : बरं, समज लावलास दिवा. खायला काय घालणार?

भाची : तांदूळ, उरलेली भाकरी, भाजीची देठं. आणि परसात चरतात.

मामा : परसात आता काय चरणार? मागं तुझ्या आजीच्या वेळेला कोंबड्या मळ्यापर्यंत जायच्या. शेणात किडे, बांधावर गवत, खळ्यावर दाणे. आता भोवती पेव्हर ब्लॉक. घालणाऱ्या कोंबडीला दिवसाला चार ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं; दोन ग्रॅम तर एका कवचातच जातं. भाकरीत कुठून येणार ते? दिवा तिला सांगणार ‘घाल’, आणि पोटात काही नाही. मग स्वतःच्या हाडातलं काढून घालते. पुढं कवच पातळ होतं, मग नुसत्या पापुद्र्याचं अंडं पडतं. आधी लेअर मॅश आण, शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेव, मग दिव्याचं बोल.

भाची : आणते. ते मान्य.

मामा : आणि त्या तीन गावरान म्हाताऱ्यांचं विसर. त्या नुसत्या अंधारानं थांबत नाहीत. बारा-पंधरा अंडी घालतात आणि खुडूक होतात. त्यांना पिल्लं हवी असतात. त्यांच्यापुढं सर्कशीचे दिवे लावलेस तरी खुडूक कोंबडी अंड्यांवरून उठायची नाही. वर्षाला साठ-सत्तर अंडी, तेवढीच त्यांची जात. तीनशे घालणारी जात वेगळी. तिच्यातला खुडूकपणा माणसानं निवडून निवडून काढून टाकलाय.

मामा तीनशेचा आकडा अभिमानानं उच्चारतात, त्याला कारण आहे. पुणं हे या धंद्याचं माहेरघर. डॉ. बी. व्ही. राव यांच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजचा कारभार इथला, आणि १९८२ मध्ये उभी राहिलेली राष्ट्रीय अंडी समन्वय समितीही इथलीच. देशभरातले अंड्यांचे रोजचे भाव ती जाहीर करते. त्या जगात उजेड हा खाद्यासारखा हिशेबानं द्यायचा माल आहे. अठरा-वीस आठवड्यांचा पक्षी, ठरलेलं वजन, मग पायरीपायरीनं सोळा तास. भाचीच्या परसात हा हिशेब लागू पडत नाही, हे मामांना कळतं. आयुष्यभर दिवे लावलेला माणूस म्हणून कळतं, निसर्गप्रेमी म्हणून नाही.

भाची : मामा, एक शंका. थंडीसाठी तरी रात्रभर बल्ब हवा ना? मागच्या आठवड्यात पहाटे केवढा गारठा होता.

मामा : ही दुसरी चूक, आणि सगळे करतात. पिल्लाला ऊब लागते. पहिल्या आठवड्यात पस्तीस अंशांच्या आसपास, मग दर आठवड्याला थोडी कमी. पिसांनी भरलेल्या कोंबडीला पुण्याच्या थंडीत काही होत नाही. दहा अंशांत ती अंग फुगवून मजेत बसते. तिला वारा आणि ओल लागू नये, एवढंच बघायचं. साठचा पिवळा बल्ब रात्रभर ठेवलास तर ऊब फारशी मिळत नाही, पण दिवस चोवीस तासांचा होतो. वर पेंढा, धूळ, कोळिष्टकं. आग लागायची ती वेगळीच.

भाची : आमच्याकडं तसाही अंधार कुठं असतो? पलीकडच्या टॉवरचा फ्लडलाइट थेट जाळीवर येतो.

हा मुद्दा मामांच्या तक्त्यात नव्हता. ते उठून खुराड्याच्या त्या बाजूला गेले. पौर्णिमेचं टिपूर चांदणंसुद्धा, लक्स या उजेडाच्या मापात, पाव लक्सच्या आसपास असतं. त्यानं कोंबडीला दिवस वाटत नाही. बंद शेडमध्ये ‘अंधार’ म्हणायचा तर उजेड अर्ध्या लक्सच्या आत लागतो, आणि ‘दिवस’ म्हणायचा तर पक्ष्याच्या डोक्याच्या उंचीवर दहा लक्स पुरतात. तिथं वर्तमानपत्र वाचता आलं की झालं. खराडीतल्या बऱ्याच परसांत रात्रीचा उजेड या दोन्हींच्या मध्ये कुठं तरी असणार. चांदण्याच्या वर, दिवसाच्या खाली. म्हणजे भाची दिवा लावायचा की नाही यावर भांडते आहे आणि बिल्डरनं तिच्यासाठी तो आधीच लावून ठेवलाय, टायमरशिवाय. मामांनी त्या बाजूला गोणपाट बांधायला सांगितलं. ‘आधी रात्र कर,’ म्हणाले, ‘मग दिवस वाढव.’

भाची : बांधते. आता वेळ सांगा. सकाळी लावू की संध्याकाळी?

मामा : सकाळी. संध्याकाळी दिवा फट्कन गेला की कोंबड्या जमिनीवर असतील तिथंच आंधळ्या होतात, दांडीवर चढता येत नाही. सकाळी दिवा लागतो, तो विझायच्या आत ऊन येतं; तिला कळतही नाही. संध्याकाळचा अंधार सूर्यालाच करू दे.

भाची : पण सकाळी दिवा लावला की कोंबडा पाचला आरवणार. सोसायटीचं पत्र येईल.

मामा : तो तसाही आरवतोच.

मामांचं हे बरोबर आहे. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की मंद, एकसारख्या उजेडात ठेवलेला कोंबडासुद्धा आपल्या वेळेला आरवतो. घड्याळ त्याच्या आत असतं. पण तेवढ्यावर सोसायटी ऐकेल असं नाही. आणि अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही, हे त्या दोघांनाही माहीत असून कोंबड्याला काढण्याचा विषय कुणी काढला नाही.

भाची : ठीक आहे, सकाळी. पण कोणत्या तारखेपासून? रविवार नको म्हणता ना?

मामा : संक्रांतीच्या आसपास. तोवर तुझ्या तलंगा एकवीस-बावीस आठवड्यांच्या होतील. तुरे लाल झाले आणि जवळ गेल्यावर पंख पसरून खाली बसायला लागल्या, की समज तयार झाल्या. म्हाताऱ्यांची पिसंही भरून आली असतील. मग सूर्य चढतोय त्याच्याबरोबर चढ. पहिल्या आठवड्यात उजाडायच्या अर्धा तास आधी, मग एक तास. फेब्रुवारी सरता सरता तेरा तास. पुढं संध्याकाळ लांबेल तसा सकाळचा दिवा कमी करत ने. मेच्या मध्यावर पुण्याचा आपला दिवसच तेरा तासांचा होतो. तेव्हा दिवा काढ, कुणाला पत्ता लागणार नाही.

संक्रांतीबद्दल एक खोच सांगायला हवी. दिवस तिळातिळानं वाढतो हे खरं, पण पुण्यात सूर्य सगळ्यात उशिरा, सातच्या पुढं नऊ-दहा मिनिटांनी, उगवतो तो जानेवारीच्या मध्यावरच. डिसेंबर संपताना वाढलेली असते ती फक्त संध्याकाळ. म्हणून ‘उजाडायच्या अर्धा तास आधी’ असं घड्याळ न बघता ठरवलं, तर हिशेब चुकतो. सूर्यास्तापासून उलटे तेरा तास मोजावेत. फेब्रुवारीच्या अखेरीस पुण्यात सूर्य पावणेसातला थोडी मिनिटं कमी असताना मावळतो. म्हणजे तेव्हा दिवा पावणेसहाच्या जरा आधी लागायला हवा.

भाची : मामा, तुम्ही मला गोड बोलून फसवताय. संक्रांतीला दिवा लावला तर हिवाळा संपला की! माझी तूट आहे ऑक्टोबर ते डिसेंबर. भाव तेव्हाच चढे असतात, आणि ऑफिसातली मंडळी गावरान अंडी तेव्हाच मागतात. तलंगांचं ठीक आहे. पण कावेरींना मला मंदावूच द्यायचं नव्हतं. त्यांच्यासाठी दिवस वाढवायचा नाही, नुसता कमी होऊ द्यायचा नाही. मग दिवा लावायचा केव्हा?

मामा : दिवस तेराच्या खाली उतरायला लागतो तेव्हा.

भाची : ते केव्हा?

मामांनी बोटं मोजली. जुलैचा शेवटचा आठवडा.

मला हे उत्तर फार आवडलं. हिवाळ्यातली अंडी टिकवायची तर पुण्यात दिवा लावायचा आषाढ-श्रावणात, भर पावसाळ्यात, बाहेर छत्र्या उघडलेल्या असताना. डिसेंबरात जाग आलेल्याला संक्रांतीची वाट बघण्यावाचून इलाज नाही. आणि सोळा तासांचा मोह ज्याला पडेल त्याच्यासाठी आणखी एक गोष्ट. लंडनमध्ये सोळा तास दिले तर तिथला जून ते आपल्या अंगावर घेतो आणि दिवा काढता येतो. पुण्यात वर्षातला एकही दिवस सोळा तासांचा नसतो. एकदा तिथवर चढलात की उतरायला जिना नाही. बारा महिने दिव्याला बांधलेले राहा, नाही तर उजेड तोडा आणि सगळ्या कोंबड्यांची पिसं एकदम गळताना बघा. लेअर शेडवाल्याला ते परवडतं, कारण त्याचे पक्षी ठरलेल्या वयाला विकले जातात. भाचीच्या कोंबड्यांना नावं आहेत.

भाची : मग पुढच्या वर्षी जुलैत लावते. पाच वॅट, रोज दोन तास. महिन्याला अर्धा युनिटसुद्धा नाही.

मामा : विजेचं बिल नाही गं, वीज जाते त्याचं काय? भारनियमनाच्या वर्षांत आमच्याकडं जनरेटर होता, म्हणून निभावलं. पावसात तुमच्या गावठाणात फ्यूज किती वेळा उडतो? एखादा दिवस चुकला तर चालतं. चार-पाच दिवस सलग चुकले की कोंबडी म्हणते, आली दिवाळी.

भाची : बॅटरीचा टायमर घेईन.

मामा : आणि पुढच्या श्रावणात गावरान कोंबडी बसवणारच ना तू? ती पिल्लं वाढणार कुठं? वाढत्या पिल्लांना दिवस उतरता हवा, निदान वाढता तरी नको. एकीकडं तुझा दिवा तेरा तास धरून ठेवणार आणि शेजारी पिल्लं तोच उजेड बघणार. सतरा-अठरा आठवडे त्यांना वेगळा अंधार लागेल.

भाची : मध्ये पार्टिशन टाकू. प्लायवूडचं, वरपर्यंत. कोंबडं झाकून ठेवलं तरी तांबडं फुटायचं ते फुटतं म्हणतात, पण इथं मला झाकायचंच आहे. झाकलं की त्यांच्यापुरतं नाही फुटणार.

मामा : आणि त्या तीन म्हाताऱ्या? दिव्याच्या बाजूला की अंधाराच्या?

भाची : अंधाराच्या. पिल्लांबरोबर. तुम्हीच म्हणालात, त्यांना उजेडाचं काही नाही.

मामा : त्या पिल्लांना टोचतील. आपली नसलेली पिल्लं त्या ठेवत नाहीत.

भाची : मग तिसरा कप्पा.

मामा : नऊ कोंबड्यांना तीन खोल्या! खराडीत माणसांना वन बीएचके परवडेना.

भाची : मामा, प्लायवूडचं माप घ्यायला येताय की नाही?

मामा : येतो. पण गोणपाट आज बांध.